सॉलिड मॉडेलमधून सपाट ड्रॉइंग: जुन्या ऑटोकॅडमध्ये सॉलव्ह्यू, सॉलड्रॉ, सॉलप्रोफ आणि फ्लॅटशॉट

सॉलिड मॉडेल पडद्यावर फिरवून बघायला छान दिसतं, पण टर्नरला ते मशीनवर लावता येत नाही. त्याला कागद हवा असतो. त्यावर प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू, गरज असेल तिथे सेक्शन आणि मापं हवीत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम बऱ्यापैकी आपोआप होतं. पण ऑटोकॅड २००० किंवा २००४ असलेल्या मशीनवर, किंवा त्या काळातली फाइल हातात आली की, जुनी कमांड मंडळी कामाला लावावी लागतात. ती वापरायला अवघड नाहीत. मात्र त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला तर चांगलं मॉडेल असूनही ड्रॉइंग गचाळ निघतं.

लेख ऑटोकॅडपुरता ठेवला आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची. ‘सॉल’ने सुरू होणाऱ्या सगळ्या कमांडची पहिली तीन अक्षरं एस, ओ, एल अशी आहेत.

आधी कोणती कमांड कुठे लागते ते ठरवा

पेपर स्पेस ऑटोकॅडमध्ये रिलीज ११ मध्ये, म्हणजे १९९० साली आली. मॉडेल एका जागी आणि कागद दुसऱ्या जागी ही सोय तिथून मिळाली. तेव्हाची सॉलिडं एएमई नावाच्या जोडभागातून बनत. रिलीज १३ पासून त्यांच्या जागी एसिस या वेगळ्या प्रणालीवरची सॉलिडं आली. हाती आलेली फाइल रिलीज १२ च्या काळातली असेल आणि त्यातली सॉलिडं सॉलिड म्हणून ओळखलीच जात नसतील, तर पुढच्या आवृत्त्यांमधली एएमईकन्व्हर्ट ही कमांड आधी चालवावी लागते. ऑटोकॅड २००० पासून एका फाइलमध्ये अनेक लेआउट, म्हणजे कागदाच्या मांडण्या, ठेवता येऊ लागले.

सॉलव्ह्यू व्ह्यूपोर्ट, म्हणजे कागदावरून मॉडेल दाखवणारी चौकट, तयार करते आणि प्रत्येक दृश्यासाठी लागणाऱ्या लेयर, म्हणजे रेषा वेगवेगळ्या ठेवायचे थर, बनवून ठेवते. सॉलड्रॉ त्या व्ह्यूपोर्टमध्ये प्रत्यक्ष रेषा काढते. या दोघी जोडीनेच चालतात. सॉलव्ह्यूने न बनवलेल्या व्ह्यूपोर्टला सॉलड्रॉ हात लावत नाही. सॉलप्रोफ एकटी चालते. कोणत्याही व्ह्यूपोर्टमध्ये, कोणत्याही कोनातून दिसणाऱ्या सॉलिडची बाह्यरेषा ती काढून देते. २००७ पासून फ्लॅटशॉट आली. ती मॉडेल स्पेसमध्येच चालते आणि समोर दिसणारं सगळं एका ब्लॉकमध्ये सपाट करते.

माझं मत स्पष्ट आहे. जॉबचं नीट, मापं दिलेलं ड्रॉइंग हवं असेल तर सॉलव्ह्यू आणि सॉलड्रॉ. आयसोमेट्रिक किंवा तिरप्या दृश्यासाठी सॉलप्रोफ. एखादं दृश्य उचलून दुसऱ्या फाइलमध्ये टाकायचं असेल तर फ्लॅटशॉट. ऑटोकॅड एलटीमध्ये सॉलिड बनवताच येत नाहीत, त्यामुळे हा मार्ग तिथे बंद आहे.

मॉडेल तपासून घ्या

उदाहरणासाठी एक साधं ब्रॅकेट घेऊ. १२० × ८० × १५ मिमी बेस प्लेट, चार कोपऱ्यांजवळ १४ मिमी व्यासाची चार भोकं, मधोमध ६० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंचीचा बॉस (गोल उंचवटा), त्यातून खालपर्यंत आरपार ३० मिमी बोअर. बॉसच्या उजव्या बाजूला १२ मिमी जाडीची एक त्रिकोणी रिब (आधाराची पट्टी). एकूण उंची ६५ मिमी. मॉडेल वर्ल्ड यूसीएसमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ एक्स-वाय-झेड अक्षांवर, सरळ बसलेलं आहे, लांबी एक्सच्या दिशेने.

आता एकेक सॉलिड निवडून लिस्ट कमांड द्या. उत्तरात ‘थ्रीडी सॉलिड’ आलं पाहिजे. सरफेस, मेश, ब्लॉक किंवा एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी फाइल) निघालं तर इथेच थांबा. ब्लॉक असेल तर एक्सप्लोड करा, एक्सरेफ असेल तर बाइंड करून मग एक्सप्लोड करा. मेशमधून सॉलड्रॉला काही काढता येत नाही आणि कमांड गप्प बसली की लोक तासभर लेयर तपासत राहतात.

दुसरी तपासणी युनियनची. प्लेट, बॉस आणि रिब प्रत्यक्षात एकच कास्टिंग असेल तर ती तिन्ही युनियन करून एक सॉलिड झालेली हवीत. नुसती एकमेकांना चिकटलेली असतील, तर जिथे दोन पृष्ठभाग एकाच पातळीत आहेत तिथे ड्रॉइंगमध्ये खोटी रेषा उमटते. फिटर ती रेषा बघून तिथे जोड आहे असं समजेल. एकमेकांत घुसलेली पण युनियन न केलेली सॉलिडं तर आणखी त्रास देतात: लपलेल्या रेषा काढताना तुटक, लोंबती टोकं राहतात. इंटरफिअर कमांडने अशा जागा सापडतात.

सॉलिडांना स्वतःची वेगळी लेयर द्या, ‘मॉडेल’ किंवा तसंच काही नाव देऊन. लेयर शून्यावर ठेवू नका. पुढे याच लेयरला व्ह्यूपोर्टमधून फ्रीझ करावं, म्हणजे लपवावं, लागतं आणि शून्यावर इतर पन्नास गोष्टी पडलेल्या असतात.

लाइनटाइप आणि हॅच: सॉलड्रॉच्या आधीच

बहुतेक ड्रॉइंग इथे बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर.

हिडन आणि सेंटर हे दोन लाइनटाइप (रेषेचे नमुने) सॉलव्ह्यू चालवायच्या आधी लोड करा. हिडन लोड असेल तर लपलेल्या रेषांच्या लेयरला तो मिळतो, नाही तर सगळ्या रेषा सलग येतात आणि मग हाताने सुधारत बसावं लागतं. लोड करताना फाइल कोणती आहे ते बघा. मिलिमीटरच्या कामासाठी ‘एकॅडआयएसओ’ नावाची लाइनटाइप फाइल असते. तिच्यात हिडनची तुटक रेघ ६.३५ एकक आणि मधली फट ३.१७५ एकक आहे. इंचाच्या ‘एकॅड’ फाइलमध्ये हेच आकडे ०.२५ आणि ०.१२५ आहेत. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये चुकून इंचाची फाइल लोड झाली, तर तुटक रेषा इतकी बारीक होते की ती सलगच दिसते. मेझरमेंट या व्हेरिएबलची (सेटिंगची) किंमत १ असेल तर मेट्रिक फाइल वापरली जाते, ० असेल तर इंचाची.

मेट्रिक फाइल असूनही आपल्या ब्रॅकेटसारख्या लहान जॉबवर ६.३५ मिमीची रेघ लांब पडते. १५ मिमी जाडीच्या प्लेटमधल्या भोकाची कड दाखवायला त्यात जेमतेम दोन तुकडे बसतील. म्हणून तुटक रेघांचं एकूण स्केल ठरवणारं एलटीस्केल ०.५ ठेवा आणि पीएसएलटीस्केल १. पीएसएलटीस्केल १ असलं की व्ह्यूपोर्टचं स्केल काहीही असो, कागदावर तुटक रेघेची लांबी सारखीच राहते.

सेक्शनमधलं हॅच सॉलड्रॉ स्वतः भरते, पण पॅटर्न विचारत नाही. एचपीनेम, एचपीस्केल आणि एचपीअँग या तीन व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी जे असेल ते ती उचलते. आधीच्या कामात कुणी विटांचा पॅटर्न वापरला असेल तर तुमचं कास्ट आयर्न विटांचं होईल. नेहमीच्या ४५ अंशाच्या तिरप्या रेषांसाठी एचपीनेमला अँसी३१ द्या, एचपीस्केल १ आणि एचपीअँग शून्य. शून्यच, ४५ नाही. अँसी३१ हा पॅटर्न मुळातच ४५ अंशात आहे. त्यात आणखी ४५ मिळवले की रेषा उभ्या होतात. मेट्रिक फाइलमध्ये या रेषांतलं अंतर ३.१७५ मिमी आहे आणि मध्यम आकाराच्या जॉबला ते चांगलं दिसतं. पातळ भिंती असतील तर स्केल ०.५ करा.

कागदाचा हिशेब

ए३ कागद ४२० × २९७ मिमी. डावीकडे २० आणि बाकी तिन्ही बाजूंनी १० मिमी मार्जिन सोडलं की ३९० × २७७ मिमी उरतात. फर्स्ट अँगल पद्धतीत एलिव्हेशन वर, प्लॅन त्याच्या खाली आणि डावीकडून बघितलेलं दृश्य उजवीकडे येतं. थर्ड अँगलमध्ये उलट: प्लॅन वर आणि प्रत्येक दृश्य ज्या बाजूने बघितलं त्याच बाजूला. दोन्ही बरोबर आहेत, पण एका कागदावर एकच आणि तिचं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये हवंच. हे चिन्ह नसलेल्या ड्रॉइंगवरून भाग आरशातल्यासारखा उलटा बनू शकतो.

आपल्या ब्रॅकेटसाठी वरच्या ओळीत १२० रुंद एलिव्हेशन आणि ८० रुंद साइड व्ह्यू, खालच्या ओळीत १२० रुंद प्लॅन आणि त्याच्या शेजारी १२० रुंद सेक्शन. उंचीत ६५ अधिक ८०, म्हणजे १४५ मिमी. मापांना आणि टायटल ब्लॉकला १३२ मिमी उरतात. १:१ स्केल व्यवस्थित बसतं. वर उजव्या कोपऱ्यात आयसोमेट्रिक मात्र १:२ मध्ये घ्यावं लागेल, कारण पूर्ण आकारात तेच जवळपास १४० मिमी रुंद होतं.

सॉलव्ह्यू: दृश्यं मांडणं

फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. लेआउट टॅबवर जा, पेज सेटअपमध्ये ए३ निवडा आणि ऑटोकॅडने आपणहून टाकलेला व्ह्यूपोर्ट पुसून टाका. रिलीज १४ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत टॅब नाहीत. तिथे टाइलमोड ० करा.

पहिलं दृश्य प्लॅनचं घेऊ, कारण वर्ल्ड यूसीएसमध्ये ते थेट मिळतं. सॉलव्ह्यू द्या, यूसीएस पर्याय निवडा, मग वर्ल्ड. स्केल विचारेल तेव्हा १ द्या. १:२ हवं असेल तर ०.५. मग दृश्याचा मध्य विचारला जातो. कागदाच्या खालच्या डाव्या भागात क्लिक करा. जागा पटली नाही तर पुन्हा क्लिक करा, पटेपर्यंत कितीही वेळा चालतं, मग एंटर. त्यानंतर व्ह्यूपोर्टचे दोन कोपरे. इथे हात आखडता घेऊ नका. मापंही याच चौकटीच्या आत बसणार आहेत, म्हणून जॉबच्या प्रत्येक बाजूला साधारण २५ ते ३० मिमी जागा सोडा. चौकटी एकमेकींवर चढल्या तरी बिघडत नाही. शेवटी नाव: ‘प्लॅन’. नाव छोटं आणि मोकळी जागा न सोडता लिहा, कारण त्याच नावाने लेयर बनणार आहेत.

कमांड न सोडता आता ऑर्थो. कोणत्या बाजूने बघायचं ते विचारलं की प्लॅनच्या व्ह्यूपोर्टची खालची कड निवडा. याचा अर्थ आपण जॉबकडे समोरून बघतो आहोत. आता मध्य मात्र प्लॅनच्या वर ठेवा, कारण आपली मांडणी फर्स्ट अँगलची आहे. कडेपासून काटकोनात एक रबरी रेघ दिसते, तिच्या आधाराने दृश्य आपोआप एका रेषेत बसतं. हे दृश्य ‘फ्रंट’. मग पुन्हा ऑर्थो, फ्रंटच्या व्ह्यूपोर्टची डावी कड, आणि मध्य उजवीकडे. हे ‘साइड’.

ठेवताना जागा चुकली तर काळजी नको. पेपर स्पेसमध्ये व्ह्यूपोर्टची चौकट मूव्ह केली तर आतलं दृश्य आणि स्केल बदलत नाही. फक्त ऑर्थो मोड सुरू ठेवून हलवा, म्हणजे शेजारच्या दृश्याशी असलेली ओळ सुटणार नाही. सुटलीच तर एमव्हीसेटअप कमांडमधला अलाइन पर्याय आडवी किंवा उभी ओळ पुन्हा जुळवून देतो. ऑब्जेक्ट स्नॅप लावून एका दृश्यातला आणि दुसऱ्या दृश्यातला तोच कोपरा दाखवायचा. डोळ्यांनी जुळवलेली दृश्यं कागदावर हमखास चुकलेली दिसतात.

सेक्शनसाठी सॉलव्ह्यूचा सेक्शन पर्याय. प्लॅनच्या व्ह्यूपोर्टमध्ये बोअरच्या मध्यातून लांबीच्या दिशेने दोन बिंदू द्या, पहिला सेंटर स्नॅपने आणि दुसरा ऑर्थो मोडमध्ये. मग कोणत्या बाजूने बघायचं: खालची बाजू. स्केल १, मध्य, कोपरे, नाव ‘एए’. मध्य आधी प्लॅनच्या ओळीत मिळतो. सेक्शनचं दृश्य नंतर प्लॅनच्या उजवीकडे हलवलं तरी चालतं, फक्त त्याखाली ‘सेक्शन अ-अ’ लिहा आणि प्लॅनवर छेदरेषा, बाण आणि अक्षरं हाताने काढा.

सॉलव्ह्यूची छेदपातळी एकच सरळ असते. पायरीसारखा वळणारा सेक्शन किंवा अर्धा सेक्शन हवा असेल तर मॉडेलची प्रत घेऊन स्लाइस कमांडने हवा तो भाग कापून काढा आणि कापलेल्या प्रतीचं साधं दृश्य घ्या. हॅच मग हाताने. प्रत वेगळ्या लेयरवर हवी, म्हणजे इतर व्ह्यूपोर्टमध्ये ती फ्रीझ करता येते.

आता लेयरची यादी उघडा. प्रत्येक दृश्याच्या नावापुढे जोडलेल्या तीन लेयर दिसतील: व्हीआयएस दिसणाऱ्या कडांसाठी, एचआयडी लपलेल्या कडांसाठी, डीआयएम मापांसाठी. सेक्शनला चौथी, एचएटी, हॅचसाठी. शिवाय व्हीपोर्ट्स नावाची एक लेयर, जिच्यावर चौकटी बसतात. प्रत्येक दृश्याच्या लेयर फक्त त्याच व्ह्यूपोर्टमध्ये दिसतात. जुन्या पद्धतीत ही सगळी फ्रीझ-थॉची (लपवण्या-दाखवण्याची) कसरत हाताने करावी लागे. सॉलव्ह्यूचा खरा फायदा हाच.

सॉलड्रॉ, आणि तिचा कडक नियम

सॉलड्रॉ द्या आणि चारही चौकटी निवडा. थोडा वेळ जाईल. संपल्यावर प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये सॉलिड दिसेनासं होतं आणि त्याच्या जागी सपाट रेषा येतात. सॉलिड कुठेही गेलेलं नाही. त्या दृश्याला लागणाऱ्या लेयर सोडून बाकीच्या लेयर सॉलड्रॉ त्या व्ह्यूपोर्टपुरत्या फ्रीझ करते.

नियम असा: व्हीआयएस, एचआयडी आणि एचएटी या लेयरवर तुमचं स्वतःचं काहीही काढू नका. सॉलड्रॉ पुन्हा चालवली की निवडलेल्या व्ह्यूपोर्टच्या या लेयरवरचं जुनं सगळं पुसलं जातं आणि नवीन काढलं जातं. सेंटर लाइन, छेदरेषा, टिपा, दुरुस्त केलेलं हॅच, काहीही असो. मॉडेल बदलल्यावर ड्रॉइंग अद्ययावत करण्याचा मार्ग हाच असल्यामुळे सॉलड्रॉ पुन्हा चालवावीच लागते. तुमच्या रेषांसाठी वेगळ्या लेयर करा. व्हीपीलेयर कमांडमध्ये न्यूफ्रझ पर्याय वापरला की नवी लेयर सगळ्या व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ अवस्थेतच जन्मते. मग ज्या एका व्ह्यूपोर्टमध्ये हवी तिथे थॉ करायची.

मॉडेल टॅबवर परत गेलात तर सॉलिडच्या भोवती या सपाट रेषा हवेत लटकलेल्या दिसतील. ते बरोबर आहे. मॉडेलवर काम करताना त्या अडथळा करत असतील तर तात्पुरत्या बंद करा, पण लेआउटवर येण्याआधी चालू करायला विसरू नका.

जाडी ठरवताना एकेका लेयरला हात लावायची गरज नाही. लेयर कमांडच्या ओळीवरच्या रूपात, म्हणजे नावाआधी उणे चिन्ह देऊन, वाइल्डकार्ड चालतं. रंग पर्याय निवडून लेयरच्या नावाच्या जागी तारांकन आणि पुढे ‘-व्हीआयएस’ दिलं की सगळ्या दृश्यांच्या दिसणाऱ्या कडा एका फटक्यात त्या रंगाच्या होतात. २००० पासूनच्या आवृत्तीत लाइनवेटही असंच देता येतं. त्याआधी पेनाची जाडी रंगावरूनच ठरते. दिसणाऱ्या कडा ०.५ मिमी आणि लपलेल्या रेषा, मापं, सेंटर लाइन, हॅच ०.२५ मिमी ठेवा. जाड आणि बारीक यांतलं दोनास एक हे प्रमाण डोळ्याला लगेच कळतं.

सॉफ्टवेअर जे काढत नाही

सॉलड्रॉच्या रेषा भूमितीने अचूक असतात. ड्रॉइंगचे संकेत मात्र तिला ठाऊक नाहीत, आणि माझ्या मते ड्राफ्ट्समनचं काम इथेच सुरू होतं.

आपल्या सेक्शनकडे बघा. छेदपातळी रिबच्या लांबीतून गेली आहे, म्हणून रिबवरही हॅच भरलं आहे. संकेताप्रमाणे लांबीच्या दिशेने कापलेल्या रिबवर हॅच करत नाहीत, कारण त्यामुळे ती जागा भरीव ठोकळा असल्यासारखी वाटते. तेच शाफ्ट, बोल्ट, पिन यांना लागू आहे. म्हणून ‘एए’ दृश्याची एचएटी लेयर त्या व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ करा, स्वतःच्या लेयरवर रिबची हद्द दाखवणारी रेष काढा आणि तिच्याबाहेरच हॅच भरा. हे तुमच्या लेयरवर असल्यामुळे पुढच्या सॉलड्रॉमध्ये पुसलं जाणार नाही.

सेक्शनमध्ये लपलेल्या रेषा सहसा दाखवत नाहीत. दिसत असतील तर त्या दृश्याची एचआयडी लेयर फ्रीझ करा. साइड व्ह्यूमध्येही विचार करा: चार भोकं आणि बोअर यांच्या तुटक रेषा एकमेकींवर येऊन गर्दी झाली असेल आणि तीच माहिती सेक्शनमधून मिळत असेल, तर तिथूनही त्या काढून टाकलेल्या बऱ्या.

सेंटर लाइन तुम्हीच काढायच्या. गोल दिसणाऱ्या भोकांसाठी डिमसेनला उणे किंमत द्या, उदाहरणार्थ -३, आणि डिमसेंटर कमांडने वर्तुळावर क्लिक करा. उणे किंमतीमुळे मध्यखूण वर्तुळाच्या बाहेरपर्यंत जाते. बाजूने दिसणाऱ्या बोअरसाठी सेंटर लाइनटाइपची साधी रेष. आटे मॉडेलमध्ये प्रत्यक्ष कापलेले नसतात, म्हणून त्यांची बारीक रेषाही हातानेच.

मापं

मापं त्या-त्या दृश्याच्या डीआयएम लेयरवर द्या. व्ह्यूपोर्टमध्ये एमस्पेस कमांडने शिरा, योग्य डीआयएम लेयर चालू करा आणि यूसीएसचं चिन्ह बघा. एक्स आणि वाय कागदाच्या पातळीत सपाट दिसले पाहिजेत. तसे नसतील तर यूसीएस कमांडमध्ये व्ह्यू पर्याय द्या. यूसीएस तिरका असताना दिलेलं माप कुठल्या तरी भलत्याच पातळीत पडतं आणि त्या दृश्यात नुसती एक रेघ दिसते. डिमस्केल ० ठेवलं की अक्षरांचा आणि बाणांचा आकार व्ह्यूपोर्टच्या स्केलवरून आपोआप ठरतो. मग १:१ आणि १:२ दृश्यांत मापाची अक्षरं कागदावर सारख्याच उंचीची येतात.

भूमितीला जोडलेली मापं २००२ पासून आली, डिमअसोक या व्हेरिएबलची किंमत २ असताना. पण सॉलड्रॉ जुन्या रेषा पुसून नव्या काढते, त्यामुळे माप ज्या रेषेला बांधलेलं होतं तीच उरत नाही. मॉडेल बदलल्यावर मापं आपोआप सरकतील यावर विसंबू नका. सॉलड्रॉ चालवल्यावर प्रत्येक माप नव्या रेषेवर बसलं आहे का ते पाहायचं, यातून सुटका नाही. आणि मापाचा आकडा हाताने खोडून दुसरा लिहायचा नाही. तो आकडा मॉडेलशी जुळत नसेल तर मॉडेल दुरुस्त करा.

आयसोमेट्रिकसाठी सॉलप्रोफ

वर उजव्या कोपऱ्यात एमव्ह्यूने एक व्ह्यूपोर्ट करा, एमस्पेसने आत जा, व्हीपॉइंटला १,-१,१ द्या आणि झूमला १/२एक्सपी, म्हणजे कागदाच्या मानाने १:२ स्केल. या व्ह्यूपोर्टमध्ये इतर दृश्यांच्या सपाट रेषा दिसत असतील तर त्या लेयर इथे फ्रीझ करा. आता सॉलप्रोफ, सॉलिड निवडा. तीन प्रश्न येतात.

लपलेल्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवू का? हो म्हणा. नाही म्हटलं तर सगळ्या कडा दिसणाऱ्या म्हणूनच धरल्या जातात आणि तारांचा गुंता होतो. रेषा एका पातळीवर प्रक्षेपित करू का? हो, सपाट ड्रॉइंगसाठी तेच हवं. स्पर्शी कडा गाळू का? फिलेट जिथे सपाट पृष्ठभागाला मिळतं तिथली ती गुळगुळीत कड प्रत्यक्ष जॉबवर दिसत नाही, म्हणून हो.

पीव्ही आणि पीएच अशा सुरुवातीच्या दोन लेयर तयार होतात, पुढे व्ह्यूपोर्टचा ओळखक्रमांक. दिसणाऱ्या रेषांचा ब्लॉक पीव्हीवर, लपलेल्यांचा पीएचवर. सॉलप्रोफ सॉलिडची लेयर स्वतः फ्रीझ करत नाही. व्हीपीलेयरने मॉडेल लेयर आणि पीएच लेयर या व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ करा, तेव्हा स्वच्छ आयसोमेट्रिक दिसेल. इथे मापं देऊ नका. खऱ्या आयसोमेट्रिक प्रक्षेपणात तिन्ही अक्षांवरच्या लांब्या सुमारे ०.८१६ पट दिसतात, आणि रेषा सपाट झालेल्या असल्यामुळे मोजलेला आकडा तोच छोटा येईल.

सॉलप्रोफचा ब्लॉक मॉडेलशी जोडलेला नसतो. मॉडेल बदललं तर जुने ब्लॉक पुसून कमांड पुन्हा चालवायची.

फ्लॅटशॉट थोडक्यात

२००७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर मॉडेल स्पेसमध्ये हवं ते दृश्य लावा, पर्स्पेक्टिव्ह ० करा. मग यूसीएस परत वर्ल्डवर आणा आणि नंतरच फ्लॅटशॉट द्या. ब्लॉक चालू यूसीएसच्या एक्सवाय पातळीवर पडतो. समोरचं दृश्य लावताना यूसीएस आपोआप फिरला असेल आणि तसाच राहिला, तर प्रत्येक दृश्याचा ब्लॉक वेगळ्या पातळीत उभा राहतो. वर्ल्डवर असेल तर सगळे एकाच जमिनीवर पडतात आणि वरून बघून मांडता येतात. संवादचौकटीत लपलेल्या रेषांना हिडन लाइनटाइप आणि वेगळा रंग द्या, स्पर्शी कडांची खूण काढा. नको असलेली सॉलिडं आधीच बंद करा, कारण दिसणारं सगळं पकडलं जातं. सेक्शन प्लेनने कापून दाखवलेलं सॉलिडही ती अखंड समजूनच काढते.

मॉडेल बदललं तर जुन्या ब्लॉकच्या जागी नवा टाकण्याचा पर्याय तिथेच आहे. बाहेर पाठवायचं असेल तर थेट वेगळ्या फाइलमध्ये निर्यात होते. एक्सप्लोड केल्यावर एकावर एक पडलेल्या रेषा ओव्हरकिलने साफ करा.

२०१२ पासून व्ह्यूबेस आली, आणि तिची दृश्यं मॉडेलबरोबर बदलतात. ती आवृत्ती हाताशी असेल तर नव्या कामाला तीच वापरा. फर्स्ट की थर्ड अँगल हे व्ह्यूएसटीडीमध्ये आधी ठरवून घ्या.

अगदी जुन्या काळची एक युक्ती अजून कुठेकुठे सांगितली जाते: हाइड लावून डीएक्सबी फाइलला प्लॉट करायचं आणि डीएक्सबीइनने परत आणायचं. सपाट रेषा मिळतात खऱ्या, पण वर्तुळांचे बारीक सरळ तुकडे होतात. त्यावर व्यासाचं माप देता येत नाही. चित्र म्हणून ठीक, जॉबच्या ड्रॉइंगसाठी नाही.

प्लॉट करण्याआधी

व्हीपोर्ट्स लेयर बंद करा, नाही तर चौकटी छापल्या जातील. २००० पासूनच्या आवृत्तीत प्रत्येक व्ह्यूपोर्टचा डिस्प्ले लॉक करा. आत शिरून चुकून झूम फिरला तरी स्केल मोडणार नाही. रिलीज १४ मध्ये ही सोय नाही. तिथे प्लॉटआधी प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये जाऊन झूम १एक्सपी (आयसोमेट्रिकमध्ये १/२एक्सपी) पुन्हा द्या आणि दृश्यांची ओळ तपासा.

प्लॉट १:१ ने, ‘फिट’ने नाही. कागद बाहेर आला की पट्टी लावून प्लेटची लांबी मोजा. १२० मिमी भरली पाहिजे. मग मॉडेल बाजूला ठेवून फक्त कागद वाचा आणि स्वतःला विचारा, एवढ्यावर हे ब्रॅकेट बनेल का? चारही भोकांच्या मध्यांची अंतरं दोन्ही दिशांनी आहेत का, बोअर आरपार आहे हे कळतं का, रिब कुठे सुरू होऊन कुठे संपते याचं माप आहे का. एखादं माप शोधायला पुन्हा मॉडेल उघडावं लागलं, तर ते माप ड्रॉइंगवर नाही. ते टाका आणि परत प्लॉट काढा.